गच्चीवरची भाजावळ

डांबराचा पहिला थेंब लिमयांच्या पेपरावर पडला. दुसरा चहात पडला. तिसरा कुठे पडला ते लिमयांनी पुढे मीटिंगमध्येसुद्धा सांगितलं नाही, पण त्यानंतर चार दिवस ते पँट न घालता लुंगीवर हिंडत होते.

लिमये आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मुलुंडला आमच्या शेजारीच, चौथ्या मजल्यावर राहायचे. वर फक्त गच्ची. मे महिन्यातली रविवारची सकाळ होती आणि ते गॅलरीत आरामात बसले होते. त्यांनी मान वर केली, तर गच्चीच्या पन्हळीतून डांबराची काळी तार लोंबत होती आणि तिच्याही वर धुराचा डोंगर उभा होता.

"आग! आग! गच्ची पेटली!" लिमये ओरडले.

मग काय विचारता! सगळी बिल्डिंग जिन्यावर. कुणी दागिन्यांचा डबा घेतला, कुणी रेडिओ घेतला, तळमजल्याच्या एका बाईंनी तर गॅसवरचा कुकर शिट्टीसकट उचलून रस्त्यावर आणला. चार माणसं वर धावत आली आणि दारातच थांबली. कारण धुराच्या मधोमध माझा नवरा उकिडवा बसून हातातल्या काठीने निखारे सारखे करत होता. शेजारी मी उभी. पदर खोचलेला, हातात काडेपेटी.

"अहो परब, हे काय चाललंय काय?" लिमये किंचाळले.

माझ्या नवऱ्याने मागे वळून न बघता सांगितलं, "भाजावळ."

आता हे काय ते सांगते. आम्ही कोकणातली माणसं. आमच्याकडे भात पेरायच्या आधी वाफ्यावर पाला, शेण, काटक्या पसरतात आणि पेटवून देतात. जमीन भाजली की तण मरतं, किडा मरतो, राखेचं खत होतं आणि रोप तरारून येतं. त्याला भाजावळ म्हणतात. आजा करायचा, बाप करायचा, म्हणून माझा नवराही करायचा. फरक एवढाच की आजाची जमीन जमिनीवर होती. आमची चौथ्या मजल्याच्या वर होती, आणि तिच्याखाली पंधरा दिवसांपूर्वीच, पावसाळ्याच्या तयारीला म्हणून, सोसायटीने नवंकोरं डांबर घातलं होतं.

(मी चौथी पास. पण डांबर तापलं की वितळतं हे कळायला चौथीसुद्धा लागत नाही. मला ते तेव्हा का सुचलं नाही, ते पुढे सांगते.)

त्या आधीच्या काही वर्षांत गिरणीचा संप झाला आणि नवऱ्याची नोकरी गेली. हातपाय धड असलेला माणूस घरी बसला. आमचा मुलगा विलास भांडुपच्या कारखान्यात लागला होता. त्याने मुलुंडला हे घर घेतलं आणि आम्हाला घेऊन आला. घराला गॅलरी नव्हती. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची मोरी दिसायची. नवरा तिच्याकडे तासन्‌तास बघत बसायचा. मी म्हणायची, "अहो, त्या मोरीत काय ठेवलंय?" ते म्हणायचे, "काय नाय." आणि परत बघायचे.

अशात गावाहून भावांचं पत्र आलं, जमीन विकली म्हणून. विचारलं नाही, नुसतं कळवलं. नवरा गावी गेला आणि चार दिवसांनी परत आला. भांडला असेल, रडला असेल, मला काही सांगितलं नाही. हातात फक्त एक कापडी पुरचुंडी होती. तिच्यात आमच्या शेतातल्या तांबड्या भाताचं बियाणं होतं, शेरभर असेल नसेल.

"याचं काय करायचं?" मी विचारलं.

"पेरूचा."

"कुठे? माझ्या डोक्यावर?"

"यंदाच पेरूक होया," ते म्हणाले. "फुडल्या वर्साक रुजूचा नाय."

ते खरं होतं. भाताचं बी जुनं झालं की मरतं. त्या शेतातलं जगात उरलेलं भात तेवढंच होतं, आणि त्याला एवढा एकच पावसाळा होता.

मग आमच्या घरात शेतीखातं सुरू झालं. पहिला हुकूम निघाला: घरातलं काहीही बाहेर टाकायचं नाही. भाजीची देठं, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं, सगळं गच्चीवरच्या पिंपात. तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत, बादली गच्चीवर. कपडे खळबळलेलं पाणी, तेही वर. एकदा मी चूळ भरायला गेले तर हा माणूस तांब्या घेऊन उभा! आजकाल पेपरात फोटो छापून येतात, शहरातल्या लोकांनी घरच्या कचऱ्याचं खत कसं करावं म्हणून. माझ्या नवऱ्याने केलं तेव्हा लोक नाक धरून जिना चढत होते.

रस्त्यावरचा पाला तो पोती भरभरून आणायचा. आमची झाडूवाली म्हणायची, "काका, माझी नोकरी घेता काय आता?" तबेल्यातून शेण आणलं तेही बसने. कंडक्टर म्हणाला, "काका, पिशवीत काय आहे? वास मारतोय." नवरा म्हणाला, "खत." कंडक्टर म्हणाला, "मग खताचं पण तिकीट काढा." आणि ह्यांनी काढलं!

वाफा कुठे करायचा याचा मात्र त्यांनी फार विचार केला. आमच्या छतावर केला तर पाणी झिरपून विलासच्या घराला ओल येईल. म्हणून लिमयांच्या छतावर केला. (खोटं कशाला बोलू?) चार विटांची कड, खाली प्लास्टिक, त्यावर चार बोटं माती. जास्तीचं पाणी वाहून जावं म्हणून पन्हळीजवळची जागा निवडली. त्या पन्हळीचा खालचा पाइप तुटलेला होता आणि पाणी थेट लिमयांच्या गॅलरीत पडायचं. पाइप बदलावा म्हणून खुद्द लिमयांनी फळ्यावर तीन वेळा सूचना लिहिली होती. सूचना वाचायचं काम सगळ्यांनी केलं होतं.

तर तो रविवार. पावसाची वाट बघायची गरज नव्हती, आमच्याकडे भांड्यांचं पाणी होतं. आदल्या दिवशी ह्यांनी सगळं बियाणं बादलीत भिजत घातलं. सकाळी भाजावळ करायची, दुपारी राख निवेल, संध्याकाळी पेरायचं, असा बेत. मला गच्चीवरून हाक आली, "गो, काडेपेटी घेवन ये!"

मी काडेपेटी घेऊन गेले. खरं सांगायचं तर मला तेव्हाच म्हणता आलं असतं की अहो, खाली डांबर आहे. पण पाल्याने पेट घेतला आणि तो वास आला. शेण, पाला आणि माती एकदम भाजल्याचा वास. लग्न होऊन मुंबईला आले त्याला तेव्हा तीस वर्षं झाली होती, आणि तीस वर्षांत तो वास एकदाही नाकात गेला नव्हता. माझ्या माहेरी अंगणातून दिसायच्या भाजावळी, डोंगराच्या उतारावर. मी नुसती उभी राहिले. आग मधेच विझली तेव्हा आणखी एक काडी मीच ओढली.

आणि मग लिमये ओरडले.

चार माणसं दारात, खाली बोंबाबोंब, पन्हळीतून डांबर चाललेलं, आणि माझा नवरा म्हणतोय, "काय जळणा नाय, नुसतो धूर आसा!" त्याच वेळी विटांच्या खालून प्लास्टिकने भडका घेतला. आता धूरबीर नव्हे, चांगली गुडघाभर ज्वाळा!

"पाणी! पाणी ओता कुणीतरी!" लिमये नाचत होते.

गच्चीच्या टाकीला झाकण, झाकणाला कुलूप, कुलपाची किल्ली लिमयांच्या घरात. मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. भिंतीच्या सावलीला बादली दिसली. काठोकाठ भरलेली. मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि सगळी जोर लावून आगीवर ओतली.

आग विझली. लोक म्हणाले, "शाब्बास वहिनी!" लिमयेसुद्धा म्हणाले, "या बाईंमुळे बिल्डिंग वाचली." मी पदराने तोंड पुसलं. जरा ऐटीतच पुसलं.

नवरा उठला. "बादली खय आसा?"

"ही काय."

त्यांनी बादलीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "सगळा ओतलंस?"

तेव्हा मला कळलं.

अर्धं भात आगीत गेलं होतं, काही पाण्याबरोबर पन्हळीतून वाहून गेलं होतं, आणि उरलेलं वितळलेल्या डांबरात बसलं होतं, वडीवर तीळ लावावेत तसं. नवरा त्या गरम गच्चीवर बसून एकेक दाणा नखाने उकरायला लागला. दाणा यायचा नाही, डांबर यायचं. लोक हळूहळू खाली गेले. लिमयेही गेले.

ह्यांनी मला काहीच म्हटलं नाही. या माणसाने मला आयुष्यभर मिठावरून, चहावरून, उशीच्या अभ्र्यावरून ऐकवलं होतं. आणि त्या दिवशी एक अक्षर नाही! मी वाट बघत बसले, आता ओरडतील, मग ओरडतील. शेवटी मीच म्हटलं, "अहो, मला बोला तरी काहीतरी." ते म्हणाले, "जेवलंस?"

संध्याकाळी विलास ड्यूटीवरून आला. जिन्यातच त्याला सगळी बातमी मिळाली होती. "आई, वाट लावलीत ना! राहायला येऊन वर्ष नाही झालं, आणि तुम्ही दोघं गच्ची पेटवता?" मी म्हटलं, "वडिलांना काही बोलू नकोस." तो म्हणाला, "तुलाच बोलतोय. काडेपेटी तुझ्या हातात होती म्हणे."

मीटिंग झाली. लिमयांनी विचारलं, "परब, तुम्हाला शेती पेटवायची गरज काय पडली?"

"भाजल्याशिवाय तरवो येत नाय," नवरा म्हणाला.

"कोण येत नाही?"

"भाताचं रोप," मी म्हटलं.

लिमयांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं: 'गच्चीवर पापड, गाद्या व लोणची वाळवण्यास हरकत नाही. शेती करण्यास व ती पेटवण्यास सक्त मनाई आहे.' खत, पिंप, विटा, सगळं उचलावं लागलं. ते उचलताना नवऱ्याने तक्रार केली नाही, याचंच मला भय वाटलं.

पुढचे दिवस ते परत खिडकीत बसायला लागले. मी मुद्दाम म्हटलं, "रेशनचे तांदूळ पेरू या का एका डब्यात?" कोकणातल्या बाईने असं विचारायचं म्हणजे हद्द! टरफल काढलेला तांदूळ कधी रुजतो का? चिडतील, शिव्या देतील, असं वाटलं होतं. त्यांनी नुसतं बघितलं.

जूनमध्ये एका सकाळी लिमयेबाई दारात आल्या. "वहिनी, तुमच्या मिस्टरांना झाडांतलं कळतं ना? आमच्या कुंड्यांमध्ये कसलंतरी गवत आलंय हो. गुलाबातलं उपटलं, मोगऱ्यातलं उपटलं. तुळशीतलं तेवढं राहिलंय. तुळशीतलं उपटायचं मन होईना."

मी वळून बघायच्या आत नवरा अनवाणी माझ्या अंगावरून गेला. लिमयांच्या गॅलरीत जाऊन तुळशीपुढे गुडघ्यावर बसला. लिमयेबाईंना वाटलं नमस्कार करतायत, त्यांनीही हात जोडले.

"ता गवत नाय," तो म्हणाला. "भात आसा ता. आमचा भात!"

माझ्या बादलीतलं भात पन्हळीतून लिमयांच्या कुंड्यांमध्ये पडलं होतं. गुलाबातलं आणि मोगऱ्यातलं कचऱ्यात गेलं. तुळशीने तेवढं राखलं.

पण तुळशीत भात ठेवायचं कसं? भाताला पाणी साचलेलं लागतं, तुळस त्याने कुजते. रोपं काढून दुसरीकडे लावणं भाग. गच्चीवर मनाई, आमच्या घराला गॅलरी नाही, खिडकीत ऊन नाही. म्हणजे लावायचं तर लिमयांच्याच गॅलरीत. नवरा संध्याकाळपर्यंत त्यांच्या दारात बसून राहिला.

लिमये ऑफिसातून आले. सगळं ऐकलं. चष्मा पुसला.

"परब, पेटवणार नाही ना?"

"नाय."

"लिहून द्या."

नवऱ्याने लिहून दिलं: 'मी भात पेटवणार नाही.' खाली सही. लिमयांनी तो कागद सोसायटीच्या फायलीत लावला. मग आत गेले आणि त्यांच्या सासरी गेलेल्या मुलीचा लहानपणीचा आंघोळीचा टब स्वतः धुऊन घेऊन आले.

त्या टबात ह्यांनी लावणी केली. बोटांच्या चिमटीत एकेक रोप धरून, चिखलात खोचत. लावणी म्हणजे कशी, चार माणसं वाकलेली, गप्पा, गाणी, चिखल. इथे एक माणूस आणि लहान मुलीचा टब. मी दारात उभी होते. मला म्हणाले, "एक लाव." मी म्हटलं, "माझी कंबर दुखते." (दुखत नव्हती. परत माझ्या हाताला काही लागायला नको होतं.)

मग आमची दोन घरं त्या टबाभोवती फिरायला लागली. तांदळाचं धुवण दोन्ही घरांतून यायचं. लिमयेबाई डाळीचं पाणीसुद्धा द्यायच्या. नवऱ्याचं म्हणणं होतं की मासळी धुतलेलं पाणी दिलं तर दाणा भरतो. पण लिमयांच्या गॅलरीत मासळी कशी न्यायची? ते ऑफिसला गेले की मी दुधाच्या किटलीतून ते पाणी न्यायची. लिमयेबाई आत पूजेला बसलेल्या असायच्या. लिमये मला एकदा म्हणाले, "वहिनी, हल्ली आमच्या गॅलरीत मांजरी फार येतात, आणि सगळ्या त्या टबाकडे तोंड करून बसतात. काय असेल हो?" मी म्हटलं, "भाताला मांजर येतंच. आमच्याकडे शुभ मानतात."

श्रावण गेला, गणपती गेले. एका सकाळी लिमये आमचं दार बडवायला लागले. अंगात बनियन, तोंडात टूथब्रश. "परब, लवकर या! काहीतरी बाहेर आलंय!"

भात निसवलं होतं. हिरव्या पात्यांतून लोंबी बाहेर पडली होती. दोघं टबावर वाकले. लिमये कुजबुजत बोलत होते, जसं काही आत बाळ झोपलंय.

मग चिमण्या आल्या. नवऱ्याने जुनी मच्छरदाणी फाडून टबावर लावली. तरी एक चिमणी आत शिरायचीच. म्हणून रविवारी लिमये पेपर वाचायला टबाशेजारी बसायचे आणि वाचून झालेलं पान गुंडाळून चिमण्या हाकायचे. गच्चीवर शेतीला सक्त मनाई लिहिणारा माणूस! मी एकदा म्हटलं, "भाऊ, मजुरी काय लावलीय?" ते म्हणाले, "आधी पीक तर हाती येऊ दे."

दसऱ्याच्या सुमाराला कापणी झाली. कापणी कसली, लिमयेबाईंच्या शिवणाच्या कात्रीने! एक लोंबी ह्यांनी आमच्या दारावर बांधली, एक लिमयांच्या. उरलं ते झोडून माझ्या ओंजळीत आलं. एकच ओंजळ, आणि तीही शिगोशीग नाही.

"बियाण्याला ठेवा," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी परत लावू."

"खय?" ते म्हणाले. "लिमयांची बदली झाली. दिवाळीनंतर नागपूराक जातत."

मला ते माहीत नव्हतं. लिमयांनी आधी ह्यांना सांगितलं होतं. गॅलरी जाणार होती. नवरा बराच वेळ दाणे बोटांनी चाळत बसला, एका तळहातावरून दुसऱ्या तळहातावर. मग म्हणाला, "खावया."

मी ते खलबत्त्यात कांडलं. हलक्या हाताने, एकही दाणा उडू न देता. पाच माणसांची पेज केली. तिच्यात दाणा शोधावा लागत होता, पण रंग तोच होता, तांबूस. लिमये, लिमयेबाई, विलास, सगळे आमच्या घरात खाली बसले. वाट्या हातात घेतल्या आणि कुणी तोंडाला लावेना. सगळे ह्यांच्याकडे बघत होते.

त्यांनी एक घोट घेतला. डोळे मिटले. कुठे गेले होते ते मला माहीत होतं. मलाही तिथेच जायचं होतं, पण मला वाढायचं होतं.

"कशी झालीय?" मी विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "पाणी जास्त घातलंस. कधी शिकतलंस कोण जाणे. तीस वर्सां झाली, साधी पेज जमणा नाय. आणि मीठ? मीठ गावाक विसारलंस काय?"

मे महिन्यापासून अडकलेला माझा श्वास तेव्हा सुटला. मी म्हटलं, "गप प्या."

लिमये नागपूरला गेले आणि तिथेच वारले. माझा नवरा त्यानंतर दोन पावसाळ्यांनी गेला. आता लिमयेबाई मुलीकडे बोरिवलीला असतात, कधीतरी फोन करतात. विलास आणि मी इथेच. भात लावणारा गेला, राखणारा गेला. पाचांतले राहिलो आम्ही तिघं, नुसते जेवणारे.